हातावरची चिठ्ठी

...आणि वर मलाच विचारतात, 'एवढं शोधून शोधून माणूस निवडलात, तरी असं कसं झालं?' अहो, तेच तर मी सगळ्यांना विचारत फिरतोय! तुम्हाला सांगतो, चौकशीत मी कमी पडलो नाही. चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय. कापड हातात आलं की मी आधी उलटी बाजू बघतो. असा माणूस गोंदवून घ्यायला कुणाच्याही खुर्चीत जाऊन बसेल?

गोंदवायचं काय, तर चिठ्ठी. बायकोची. ती जाऊन दोन वर्षं झाली. माझ्या मशीनवर तिने चिकटवलेली, 'गोळी घ्या. विसरू नका.' बस, एवढंच. सगळ्या संसारात तिच्या हातचं लिहिलेलं माझ्याकडे तेवढंच, कारण जे सांगायचं ते ती तोंडाने सांगायची, आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जायचं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यातला 'ळ' तर असा आडवा पडलेला, की गोळी त्यानेच घेतली असावी. पण शाई उडत चालली होती हो. खिडकीतलं ऊन, रोज थोडं थोडं पुसट... मला झोप लागेना. म्हटलं, कागदाचा भरवसा नाही, कातडीवर घेऊन टाकू.

मुलगी म्हणाली, 'बाबा, या वयात?' म्हटलं, मग काय कातडी गेल्यावर? 'बरं, पण घाई करू नका, माणूस पारखून घ्या.' पारखला की! पहिल्याकडे गेलो, त्याने सुई काढली ती उघड्या खणातून, रबर-पेन्सिलीच्या शेजारून. उठलो. दुसरा मोबाईलवर फोटो दाखवायला लागला, आजचा, कालचा, परवाचा. म्हटलं, बाळा, शिवल्या दिवशी सगळेच कपडे चांगले दिसतात, दहा धुण्यांनंतरचा दाखव. तीन वर्षांपूर्वीचं काम आहे? मोबाईल खिशात टाकला त्याने. तिसरा चिठ्ठी बघून म्हणतो, 'काका, त्यापेक्षा वाघ काढू या.' वाघ! वाघ मला गोळीची आठवण करणार आहे?

चौथी एक बाई होती. खोली लख्ख, हातमोजे दोनदा बदलले, नवी सुई माझ्यासमोर पाकिटातून काढली. तीन वर्षं जुनं गिऱ्हाईकसुद्धा बोलावून घेतलं तिने. मी त्याचा दंड धरून उजेडात नेला, चिमटीत कातडी ताणून बघितली, रेघ कुठे पसरली नव्हती. तो बिचारा म्हणाला, 'काका, सोडा आता.' तुम्हाला सांगतो, चौकशीत मी कमी पडलो नाही!

तिने चिठ्ठीवरून छापा काढला, माझ्या उजव्या हातावर उमटवला आणि म्हणाली, 'काका, एकदा बघून घ्या, मग सुई लावते.' आणि इथे... इथे माझी शिंपीगिरी आडवी आली. कात्री चालवताना डोक्यावर उभं राहणारं गिऱ्हाईक मला जन्मात आवडलं नाही. म्हटलं, कारागिरावर विश्वास टाकावा. 'करा तुम्ही,' म्हटलं, आणि मान फिरवली. दुखतं हो! तासभर डाव्या मुठीत ती चिठ्ठी गच्च धरून बसलो.

झाल्यावर बघतो तर काय... सरळ ओळ. एकसारखी, टपोरी अक्षरं. 'ळ' उठून ताठ उभा! ती बाई अगदी खुशीत, 'मूळचं फारच वाकडं होतं ना काका, जरा सुधारलं.'

मी कुठल्या तोंडाने रागावू तिला? गिऱ्हाइकं जुना शर्ट आणायची, 'मास्तर, अगदी असाच शिवा' म्हणायची, आणि मी खांदा सरळ करायचो, खिसा वर घ्यायचो आणि हेच सांगायचो, जरा सुधारलाय. एकदा एका म्हातारीने गेलेल्या नवऱ्याचा शर्ट आणला होता, नातवाला तसाच हवा म्हणून. मी शिवलेला तिने बघितला, घडी घातली आणि न बोलता गेली. मला वाटलं, खूश झाली.

म्हटलं, असू दे, मूळ चिठ्ठी आहे, दुसऱ्या हातावर काढू. मूठ उघडली. घामाने सगळी शाई तळव्याला. कागदावर वाचता येत होतं ते फक्त 'नका'.

तळवा दोन दिवस धुतला नाही मी. तिसऱ्या दिवशी आपोआपच गेलं.

आता रोज सकाळी गोळीची डबी उघडायला हात पुढे करतो, वाचतो, गोळी घेतो. विसरत नाही, तेवढं एक आहे. पण उद्या वर गेलो, तिथे ही भेटली, की आधी माझं मनगट धरणार, डोळे बारीक करणार आणि विचारणार, 'हे कुठल्या बाईचं अक्षर?' आणि बाईचंच आहे हो ते! तुम्हाला सांगतो, चौकशीत मी कमी पडलो नाही... पण खरी चौकशी तर अजून व्हायचीच आहे.