आठची थाळी

आणि सभा भरणार ती पुन्हा आमच्याच ओटीवर, तुम्हाला सांगते, म्हणजे चहा मी करायचा, पानाचं तबक मी लावायचं, आणि आत बाळ रडलं की बाहेरची चार डोकी माजघराकडे वळणार, जसं काही मीच त्याला चिमटा काढलाय... पण मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल ही उगाच कुरकुरते.

कलेक्टरसाहेबांनी दारूच्या परवान्यांसाठी कमिटी नेमलीय. दुकानदाराने नियम मोडला तर शिक्षा किती, ते गावातल्या जाणत्यांनी ठरवून कळवायचं. त्यात आमचे मामंजी. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, शाळेत मास्तर होते, सुपारीपलीकडे व्यसन नाही, माडाची ताजी माडी आणि दारू यांत फरक काय हे त्यांनी कमिटीवर गेल्यावर विचारून घेतलं. पण एकदा मांडीवर थाप मारून म्हणाले, "न्याय म्हणजे न्याय," की पुढे कुणी बोलायचं नाही.

पहिली भानगड रावजीशेटची. बंदरावरचं दुकान, दारूत पाणी घालताना सापडला. आता बघा, चिंतामणी वकील काय म्हणतात, तेही कमिटीतच आहेत, मान वाकडी करून, "आप्पासाहेब, पाणी घातलं म्हणजे दारू कमीच झाली की नाही? मग हा गुन्हा की समाजसेवा?" यावर अख्खी दुपार गेली. तीनदा चहा झाला. शेवटी मामंजी म्हणाले, न्याय म्हणजे न्याय, महिनाभर दुकान बंद. वकील हिरमुसले. रावजीशेटच्या घरचे फणस त्यांच्याकडे जातात, हे मी बोलणार नाही.

पण माझा जीव अडकला होता दुसऱ्या भानगडीत. आमच्या आळीच्या टोकाला बाबल्याचं माडीचं दुकान. हा बाबल्या कोण, तर आमच्या राहीचा नवरा. आणि राही कोण म्हणून विचारता? माझ्या बाळाला न्हाऊ घालते ती. पाटावर बसून पाय लांब करते, त्याला पायांवर पालथं घालते, आणि जे पोर माझ्या हातात साप चावल्यासारखं ओरडतं ते तिच्या पायांवर डोळे मिटून पडतं. मी एकदा घातलं न्हाऊ. तेल लावलेलं पोर म्हणजे जिवंत मासळी हो, सटकलं असतं तर? सासूबाईंचे हात कापतात. हे मुंबईस. मी अजून झोपलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना... तर मला सांगा, राही नसेल तर मी काय करायचं?

आणि राही म्हणते, "वैनीनू, परवाना ग्येला तर आमी हितं ऱ्हाऊन काय करू? धनी म्हनतो म्हमईला गिरनीत जाव."

बाबल्याचा गुन्हा तरी काय? आठला दुकान बंद करायचं, केलं नाही. त्याच्याकडे घड्याळ नाही. मुंबईची आगबोट मिऱ्याच्या डोंगराला वळसा घालून भोंगा देते, तो त्याचा आठचा ठोका. त्या दिवशी आगबोट हर्णेलाच रखडली. भोंगा नाही, म्हणून आठ नाहीत, म्हणून दुकान उघडं. आणि त्याच आगबोटीने यायची होती आबकारी इन्स्पेक्टरांची बायको. इन्स्पेक्टर वाट बघून कंटाळले, जरा पाय मोकळे करू म्हणून निघाले ते थेट बाबल्याच्या दारात, हातात घड्याळ.

बाबल्या ओटीखाली हात जोडून उभा, "आप्पानू, बोट बोंबलली नाय तवर आट वाजलंच कसं?"

चिंतामणी वकील म्हणाले, "परवाना रद्द करा. रावजीला महिना, मग याला मोकळा सोडला तर लोक म्हणतील, याची बायको आप्पांच्या नातवाला न्हाऊ घालते." झालं. मामंजींना ते लागलं. मांडीवरचा हात वर गेला, मी दाराआडून बघतेय, थाप पडली की राही मुंबईला...

आता सुनेने ओटीवर बोलायचं नसतं. मी सासूबाईंच्या हातात पानाचं तबक दिलं आणि कानात निरोप. त्या बाहेर जाऊन म्हणाल्या, "सूनबाई विचारत्ये, घड्याळ नाही तर आठ वाजले हे त्याला सांगणार कोण?"

मामंजींचा हात तसाच वर. मग म्हणाले, "खरं आहे. आठ दिवस दुकान बंद. आणि पुढे, आळीत घड्याळ आमच्याच घरी आहे, तर रोज आठला आमच्या पायरीवरून थाळी वाजेल. न्याय म्हणजे न्याय." आणि आत वळून म्हणाले, "सूनबाई, ऐकलंस ना?"

ऐकलं की. पितळी थाळी, वर पळी. बाळ साडेसातला पेंगायला लागतं, आठला मी माझ्याच हाताने थाळी बडवते, ते दचकून जे भोकाड पसरतं ते मध्यरात्रीपर्यंत. बाबल्याकडे येणारे तर थाळीचं नावही घेत नाहीत आता. म्हणतात, "मास्तरांचा नातू रडला, उठा." शिक्षा बाबल्याला, आठ दिवसांत संपली. माझी चालूच.

आणि परवा काय झालं, राहीने न्हाऊ घालून धुरी दिली, आणि पोर सातलाच असं गाढ झोपलं, मुठी सुटलेल्या, ओठ जरा उघडे... घड्याळाने आठ दिले. मी थाळी घेऊन पायरीवर उभी राहिले. पळी उचलली. खाली ठेवली. पुन्हा उचलली. मग हळूच आत आले आणि कितीतरी दिवसांनी गरम भात जेवले.

थाळी नाही, रडणं नाही, भोंग्याला तर आता कुणी विचारत नाही, म्हणजे आठ नाहीत. दुकान उघडं. आणि इन्स्पेक्टर होतेच, घड्याळ घेऊन.

तर उद्या सभा. वकील विचारणार, दोष कुणाचा? मामंजी सकाळपासून नुसते थाळीकडे बघतायत. बाबल्या बिचारा माझं नाव घेत नाही. ते मीच घेणार आहे. आणि सासूबाईंच्या हाती निरोप तयार आहे: परवाना रद्दच करायचा तर माझ्या थाळीचा करा. न्याय म्हणजे न्याय.