घरी काय म्हणून हाक मारायचे?

अध्यक्षसाहेब, काकू, वकील संघातल्या सगळ्या सरांनो, मॅडमनो, आणि आत जागा नाही म्हणून व्हरांड्यात उभ्या असलेल्या सगळ्यांनो,

मला बोलता येईल का, मला खरंच माहीत नाही. नाही जमलं तर मी मधेच खाली बसेन. तुम्ही समजून घ्या. माझ्या हातात मोबाईल आहे, तो मी बंद करणार नाही. एक फोन यायचा आहे. कशाचा, ते सांगतेच.

मी रेखा. जवळा बाजारची. वामनराव सरांची ज्युनियर. तुम्ही सगळे मघाशी फोटोला हार घालून आलात. मी घातला नाही. राग मानू नका. सर मस्कतला लेकीकडे गेले होते आणि तिथं झोपेतच गेले, हे तुम्हाला माहीत आहे. पण ते अजून आलेले नाहीत. ते तिथंच आहेत, पेटीत. आणि आमच्या गटाचा एक नियम होता, सरांनीच केलेला. माणूस घरी येत नाही तोवर हार नाही. आजची सभा दोन दिवस पुढं ढकला, असं मी म्हणाले होते. पुढं कोर्टाला सुट्ट्या लागतात म्हणून ढकलता आली नाही. असू द्या.

बातमी आली तेव्हा मी काय केलं? रडले? नाही. खोटं कशाला सांगू? सरांच्या लेकीचा, शुभांगीताईंचा फोन ठेवला आणि कामाला लागले. तिथला मृत्यूचा दाखला. वकिलातीची परवानगी. पासपोर्ट रद्द करणं. विमानात जागा. हैदराबादहून सरांच्या गावी, गोरेगावपर्यंत गाडी. हे सगळं आम्ही किती घरांसाठी केलंय. हात आपोआप चालत होते. वकिलातीतल्या बाईंनी विचारलं, मयत तुमचे कोण? मी म्हणाले, पक्षकार. फोन ठेवल्यावर कळलं, आपण काय बोललो. तरी काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. इंजेक्शन दिलेल्या दाढेसारखं झालंय सगळं. आहे, पण लागत नाही.

हा गट सरांनी काढला तेव्हा आपण हसलो होतो. आठवतंय ना? पाटी केवढी मोठी, आंतरराष्ट्रीय व स्थलांतर कायदा गट. आणि खाली टेबल एकच, टपरीकडच्या खिडकीजवळ. कोणीतरी म्हणालं होतं, "हिंगोलीत आंतरराष्ट्रीय? आधी औंढ्याची बस टायमावर आणा म्हणावं." जे म्हणाले ते इथंच बसलेत, मी नाव घेत नाही. सरांनी हसून ऐकून घेतलं आणि ते टेबल त्यांच्याकडूनच मागून आणलं.

गंमत सांगू? सरांनी स्वतः विमान आतून पाहिलेलं नव्हतं. लोकांचे पासपोर्ट आखातातल्या मालकांच्या कपाटातून सोडवून आणणारा माणूस, आणि त्यांचा स्वतःचा पासपोर्ट निघाला तो आत्ता आत्ता, नातू झाला तेव्हा. जाताना मला म्हणाले, "मी परदेशात असलो म्हणून गट बंद ठेवू नको." परदेशात हा शब्द त्यांनी असा काही म्हटला, की मला हसू आलं.

या टेबलाशी कोण कोण आलं. कोणाचं पोरगं ड्रायव्हर म्हणून नेलं आणि वाळवंटात शेळ्यांमागं लावलं. कोणाचा नवरा व्हिसा संपून अडकला, लाजेनं घरी फोन करेना. आम्ही वकील माणसं, आधी करारनामा मागायचो. सर मागायचे नाहीत. सर म्हणायचे, "आज जेवला का तो? ते विचारा पहिलं." आणि काही घरं अशी यायची, की जेवलं का हेही विचारता यायचं नाही. त्यांना फक्त माणूस परत हवा असायचा. मातीसाठी.

त्यातल्याच या सोनाबाई. औंढ्याकडच्या तांड्यावरच्या. पुढं बसल्यात बघा, काकूंच्या शेजारी. यांचा मुलगा तिकडं बांधकामावरून पडून गेला. सरांनी धावपळ केली, सगळी कागदं झाली. सर सांगायला लागले, आजी, आज पेटी निघते. तर सोनाबाई म्हणाल्या, "वकीलसाब, त्याला कोणी सांगतलं का, घरी नेऊन राहिलो म्हणून?"

सर चिडले. सरांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, "आजी, मेलेल्या माणसाला काय सांगायचं? कायद्यात न्हाई बसत ते."

"न्हाई बसत तं बाजूला बसवा. पर सांगा. बिगर सांगता पेटीत घातलं तं लेकरू भेईल माझं."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "घरी काय म्हणून हाक मारायचे?"

"काळू."

मस्कतला इरफानभाई आहेत. आपल्याच हिंगोलीचे, तिथं कपड्यांच्या दुकानात असतात, गटासाठी दवाखान्यात, विमानतळावर पळतात. सरांनी त्यांना फोन लावला. काहून, कशाला, काही विचारलं नाही त्यांनी. पेटीजवळ जाऊन म्हणाले, "काळू, चल बाबा. घरी चालला तू. माय वाट बघते." फोनवर आम्हाला ऐकू येत होतं. सोनाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि तेव्हा कुठं त्या रडल्या.

त्या दिवसापासून ते आमच्या गटाचं शेवटचं काम झालं. कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही. सगळी कागदं झाली की सर घरच्यांना विचारायचे, काय म्हणून हाक मारायचे? आणि निरोप जायचा. कोणी बाळू, कोणी दादा, कोणी पिंट्या. एकाही माणसाला न सांगता आणलं नाही सरांनी.

आज सकाळी इरफानभाईंचा फोन आला. "मॅडम, सब हो गया. पेटी बंद करने के पहले बोलना है ना? सरकू घरमें क्या बुलाते थे?"

मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. मला एवढंही माहीत नव्हतं.

मी सरांच्या घरी, काकूंकडे गेले. काकू म्हणाल्या, "सासूबाई वामन्या म्हणायच्या. पर तशी हाक मारणारं आता कोणी न्हाई ऱ्हायलं. आन् मी तं नाव घेतलंच न्हाई माय. उखाण्यात घेतलं असंल तेवढंच."

सोनाबाई तिथंच होत्या. पहाटेच्या जीपनं आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मंग तू काय म्हणायचीस?"

काकू म्हणाल्या, "अहो म्हणायचे."

"मंग व्हय की. तेच त्यायचं घरचं नाव. तूच मार हाक."

मी इरफानभाईंना कळवलं, पेटी बंद करायच्या आधी फोन लावा. बस. एवढंच सांगायचं होतं मला. सर मोठे होते, हुशार होते, ते बाकीचे सांगतील. मला त्यांचं शेवटचं काम पुरं करायचंय. ते झालं की मला रडू येईल, असं वाटतंय. येऊ द्या.

फोन वाजतोय. इरफानभाईच आहेत.

अध्यक्षसाहेब, सगळ्यांना उभं राहायला सांगा. व्हरांड्यातल्यांनी पण बोलू नका. कोणीतरी पंखे बंद करा. हे मौन नाही. मौन आपण गोरेगावला पाळू, सर आल्यावर. हार पण तेव्हाच घालेन मी. आत्ता शांतता हवीय ती एवढ्यासाठी, की काकूंचा आवाज बारीक आहे आणि तो मस्कतपर्यंत जायचाय.

हां, इरफानभाई. पेटीजवळ धरा फोन. अजून जवळ.

काकू, या. बोला.