नायगाव उघड

कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, पण एकदा मी त्याला वाट दाखवली, ते सांगतो.

आमची ही वारली त्याच्या आदल्या साली एका संस्थेच्या पोरी जळकोटला आल्या होत्या. बियाणं राखेत कसं जपायचं, ते त्यांनी हिच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतलं. तिचा आवाज तेवढाच उरला होता. पुढं नात शीतल त्याच संस्थेत नांदेडला कामाला लागली, तेव्हा मी तिच्याकडे गेलो.

"आजोबा, सगळे आवाज लातूरच्या सर्व्हरवर हायत. इथून यादी मागवते."

पडद्यावर तालुक्यांची नावं आली. तिनं जळकोट उघडलं. पुष्कळ बायांची नावं होती, हिचं नव्हतं.

शीतलचा चेहरा उतरला. "गेली वाटतं फाईल."

मी म्हणालो, "नायगाव उघड."

"तिथं कशी असंल? आजी तर जळकोटची."

"तिला कुणी गाव विचारलं की ती माहेरचंच सांगायची. उघड तर."

उघडलं. पाचवं नाव तिचं, बापाच्या नावासकट.

शीतलनं आवाज लावला. बियाण्याचं सांगून झाल्यावर पोरीनं विचारलं होतं, "आणि मालक कसे आहेत?"

ही हसली. "लई कमी बोलतेत. पर मी बोलले की ऐकून घेतेत."

आता ती फाईल माझ्या मोबाइलमध्ये हाय. रोज चहाला लावतो. ती बोलते, मी ऐकून घेतो.