स्वस्तातली स्कूटर

अरे, काटकसर कशी अंगलट येते ते मला विचारा. रोजचं रिक्षाभाडं परवडंना, म्हणून पुंडलिकनगरच्या एका काकूंकडून जुनी स्कूटर घेतली. काका वारले होते, त्यामुळं लई स्वस्तात मिळाली. पण पेट्रोल कसलं वाचतंय! गाडी ॲव्हरेजच देईना. गॅरेजवाला म्हणाला, "भाई, रोज डबलसीट चलाते क्या?"

"नाय हो, एकटाच असतो."

कामाला जाताना काकूंची गल्ली लागायची. तिथं एक कुत्रं पळत यायचं. मी बिस्किट टाकलं तरी माझ्याकडं बघायचं नाय. मागच्या रिकाम्या सीटकडं मान वर करून शेपूट हलवत राहायचं.

एकदा गाडीच्या कागदासाठी काकूंकडं गेलो, तेव्हा सहज म्हणालो, "काका लई जपून चालवत असतील गाडी."

"ते? त्यांना कुठं येत होती चालवायला!" काकू म्हणाल्या. "मीच चालवायची. ते मागं बसायचे अन् कुत्र्याला पोळी टाकायचे."

गाडी तिथंच ठेवून आलो. आता पुन्हा शेअर रिक्षा. महाग पडते, पण शेजारी कोण बसलंय ते तरी दिसतं.