म्हातारीचं वळण

जमीन कार्यालयाच्या रांगेत मास्तरांच्या पुढे एक जोडपं होतं. नवऱ्याने आणखी एकाला पुढे सोडलं, तशी बायको तडकली.

"हा पाचवा! घर विकायला आलोय की रांग वाटायला?"

"अगं, आईनं स्वयंपाकघर पाडू दिलं नाही, म्हणून तर रेसच्या ट्रॅकला ते वळण पडलं. शर्यत कोण जिंकणार, तिथेच ठरतं."

"आणि गाड्यांच्या हादऱ्यानं माझी भांडीही तिथेच पडतात, तीस वर्षं! करा सही, होऊ दे ट्रॅक सरळ. आणा तो कागद... हे काय? 'धोकादायक वळण'?"

"तसंच लिहितात."

"म्हातारीचं वळण म्हणतात त्याला! सगळं जग म्हणतं!"

"आईला धोकादायक तूच म्हणायचीस."

"मी म्हणेन! हे कोण लागून गेले?"

खिडकीतून हाक आली. बायकोने मागे वळून मास्तरांकडे पाहिलं.

"तुम्ही व्हा हो पुढे."