आईच्या व्हिडिओचा आवाज

शेवगावच्या स्टँडवर नगरच्या एसटीची वाट बघून रुमानाचा जीव मेटाकुटीला आला होता. मागच्या बाकावर कानिफ नावाचा एक माणूस आपल्या दाजींना काही सांगत होता, आणि तिचे कान आपसूक तिकडे लागले.

"रविवारी आईचं वर्षश्राद्ध, अन् तिच्या गाण्याच्या व्हिडिओचा आवाजच कॅसेट कंपनीनं बंद करायला लावला, दाजी."

"मोबाईलमधला लाव की."

"तो मोबाईल विहिरीत पडला. नेटवर टाकलेला तेवढाच उरला हुता."

"पण मामी तर आपल्या ओट्यावर बसून गायल्या हुत्या."

"तेच गाणं आईनं पूर्वी कंपनीच्या कॅसेटसाठी गायलं हुतं. साडीचोळी घेऊन कागदावर अंगठा दिला. आता गाणं कंपनीचं."

"मग परवानगी माग."

"मागितली. म्हणले, गायिकेची सही आणा."

"वारल्या म्हणून कळव."

"मृत्यूचा दाखला धाडला. त्यांनी दुःख व्यक्त केलं, अन् आवाज तिचाच हाय ह्याला पुरावा म्हणून तिचं दुसरं रेकॉर्डिंग मागितलं."

"त्यांच्याकडंच कॅसेट हाय की."

"ती खराब झाली म्हणतात. कागद तेवढा धडधाकट हाय."

"घरात दुसरं काय न्हाई?"

"रोज गाणाऱ्या आईचं रेकॉर्डिंग कोण करतं, दाजी?"

"मग आता?"

"नेटवाल्यांनी बदली संगीत फुकट दिलंय. बासरी. लावून बघितलं. आई तोंड उघडती अन् बासरी वाजती."

"अरारा."

"धाकटी म्हणली, आजी लई गोड गायची."

"तू काय म्हणला?"

"व्हय म्हणलो. चारदा बघितल्यावर मलाबी आईचा आवाज तसाच आठवाय लागलाय."