शटरचा 'आधी'चा फोटो

...नाही, पण मला सांगा, यात माझं काय चुकलं? मी शटर दुरुस्त करणारा माणूस, काम झालं की दोन फोटो टाकतो, 'आधी' आणि 'नंतर', तेवढीच आपली जाहिरात. त्या दिवशी चौकात आंदोलन पेटलेलं, म्हटलं, आज लोकांना शटरवाल्याची गरज पडणार, टाकू आमच्या दाजींच्या दुकानाचे जुने फोटो. टाकले. नेट असं रडत होतं की 'आधी' गेला आणि 'नंतर' अडकला! आणि 'आधी' म्हणजे काय, तर वर दाजींच्या दुकानाची पाटी आणि खाली पार चेपलेलं शटर, मागे घेताना टेम्पो घुसला होता त्यात. फोटो दोन वर्षांपूर्वीचा!

तुम्हाला सांगतो, माझा चहा संपायच्या आत कोणीतरी लिहिलं, 'आंदोलकांनी गरिबाचं दुकान फोडलं.' दुसऱ्यानं तोच फोटो उचलला, 'पोलिसांनी फोडलं.' आणि तो एक, लाखभर लोक ज्याच्या मागे, गाडीत बसून व्हिडिओत ओरडतोय, "मित्रांनो, अजून गप्प बसायचं?" अरे बस ना बाबा, फोटो दोन वर्षांपूर्वीचा!

तेवढ्यात दाजींचा फोन, आवाज चिरकलेला, "अरे, दोन जमाव आलेत दारात. एक मला वाचवायला, दुसरा त्यांना बडवायला. तुझी ताई आत आहे, शटर ओढून बसलोय आम्ही." ताई आत हो! म्हटलं, दाजी, दिसेल तिथे लिहा, 'फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे, विश्वास ठेवू नका.' मीही लिहीत सुटलो. लाइक किती? तीन. त्यातला एक बायकोचा.

तिकडे जमावानं पाहिलं तर शटर धडधाकट. कोणीतरी ओरडलं, "पुरावा मिटवला रे! तासाभरात दुरुस्त करणारा कोण हा?" आता आमच्या धंद्याची रीतच आहे, दुरुस्त केलेल्या शटरवर आपलं नाव आणि नंबर रंगवायचा... मी तर पत्ताही रंगवलाय. ठळक, लाल अक्षरात.

ताईला साधा ओरखडा नाही. कसा असेल? सगळे माझ्याकडे आले ना, दोन्ही जमाव, दिवसभरात पहिल्यांदाच एकमतानं! मी मागच्या दारानं सुटलो, पाठीमागे नुसतं धाड, धाड, धाड...

परतलो तर माझंच शटर चेपलेलं. फोटो काढला, टाकला, 'हे आत्ता घडलंय.' खाली लगेच पहिली कमेंट, 'फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे, विश्वास ठेवू नका.'

कोणाची? आमच्या दाजींची. दिसेल तिथे लिहा, असं मीच तर सांगितलं होतं...